साळ्याच्या हातातला दोर

वरून आलेली पिचकारी उत्तमच्या गालावर पडली असती तर त्याने ती नेहमीसारखी खांद्याला पुसून टाकली असती. पण या वेळी त्याचं तोंड उघडं होतं. वर बघणाऱ्याचं तोंड उघडं राहतंच. मान मागे टाकली की जबडा आपोआप खाली येतो, आणि चिंचेच्या शेंड्याजवळ बसलेल्या जावयावर, बहिणीच्या नवऱ्यावर, धनपालवर, नजर ठेवायची म्हणजे दिवसभर मान मागे टाकूनच उभं राहायचं. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची ती कोमट, चुन्याची, दुसऱ्याच्या दाढेखाली सकाळपासून मुरलेली लाळ त्याच्या जिभेवर पडली, आणि उत्तमचा उजवा हात दोर सोडून तोंडाकडे गेला. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोर त्याच्या कमरेभोवतीच्या वेढ्यातून सर्रकन सरकला. वर धनपालच्या पायाखालची फांदी सुटली, तो हातभर खाली आला आणि दोन्ही हातांनी बेचक्याला लोंबकळला. त्याची कुऱ्हाड सुटून खाली आली ती फांद्या ओढणाऱ्या रोशनच्या अगदी पुढ्यात जमिनीत रुतली. तोवर उत्तमचे दोन्ही हात दोरावर परत आले होते, कंबर मागे गेली होती, टाचा मातीत घुसल्या होत्या. दोर ताठ झाला. धनपालने पाय टेकवले, खाली पाहिलं आणि खो खो हसला.

"साळेबुवा, झोपा काढून राहिले काय?"

रोशन हसला, कटर मशीनवरचा कुलदीप हसला, पिकअपमध्ये मोबाइल बघत बसलेले ठेकेदार पुंडलिकरावही काच खाली करून हसले. मग उत्तमही हसला. चारचौघांत जावयाने थट्टा केली की साळ्याने हसायचं असतं, जावई वयाने लहान असला तरी. आणि हसता हसता तोंडातलं ते सगळं त्याने गिळलं. घशाखाली उतरल्यावर त्याला कळलं की आपण ते गिळलं. मळमळून आलं, पण ओकायला वाकायचं तर दोर ढिला सोडावा लागला असता, म्हणून त्याने तेही आतल्या आत दाबलं आणि तो पुन्हा मान मागे टाकून उभा राहिला. या खेपेला ओठ घट्ट मिटून.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून रस्त्यांना रुंद व्हायची घाई झाली होती. सौंसर रस्त्यावरच्या जुन्या चिंचा एकेक करून पाडायच्या होत्या, वरून खाली, फांदी फांदी कापत, कारण एका अंगाला विजेच्या तारा आणि दुसऱ्या अंगाला टपऱ्या. या कामाची इथली रीत ठरलेली होती. वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, तो त्याच्या डोक्यावरच्या बेचक्यातून खाली सोडायचा, आणि खालचं टोक त्याच्या साळ्याने स्वतःच्या कमरेला वेढे देऊन धरायचं. साळ्यानेच. सख्ख्या भावाने नाही, कारण भावाभावांत वावराचा तुकडा असतो, विहिरीच्या पाळ्या असतात. मित्राने नाही, मित्राचं काय जातं? साळ्याचं मात्र जातं. दोर सुटला तर त्याच्याच बहिणीचा संसार उघड्यावर येतो, म्हणून तो जीव गेला तरी सोडणार नाही, असा हिशेब कुणीतरी कधीतरी घातला होता आणि त्यात चूक असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. उत्तमलाही आज सकाळपर्यंत वाटलं नव्हतं.

बहिणीला, इंदूला, बघायला सौंसरहून पाहुणे आले तो दिवस त्याला आठवला. तेव्हा तो संत्र्याच्या मंडीत पेट्या भरायचा. अंगाला दिवसरात्र संत्र्याच्या सालीचा वास, आणि तो वास त्याला आवडायचा. इंदू पोहे घेऊन बाहेर आली, मान खाली घालून बसली, आणि धनपालच्या बापाने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. म्हाताऱ्याने उत्तमला अंगणात बोलावलं, त्याचा दंड दाबून पाहिला, कमरेवर दोन्ही तळहात ठेवून ती हलवून पाहिली, जरा मागे सरून पायांची ठेवण बघितली. "वजन किती हाय बा तुह्यं?" असं विचारलं. मग आत जाऊन बसला आणि म्हणाला, "पोरगी पसंत हाय." सगळे हसले होते, आईसुद्धा. उत्तमलाही त्या वेळी फुशारकी वाटली होती, की आपल्या कमरेमुळे बहिणीचं लग्न जमलं. बुद्धविहारात लग्न लागलं आणि पंधरवड्यात त्याची मंडी सुटली. आता त्या अंगणातल्या बोटांचा दाब त्याला इतक्या वर्षांनी कमरेवर जाणवला, नेमका जिथे दोराने कातडं काळं पडलं होतं तिथे, आणि त्याला शिसारी आली. बाजारात बैलाच्या तोंडात हात घालून दात बघतात, तसं त्याला बघितलं होतं.

आणि हा दोर! घामाने, चिकाने, तेलाने, खर्र्याच्या थुंकीने मेणचट झालेला, हातातून सोडता न सुटणारा, उन्हात तापला की आंबूस वास मारणारा दोर. घरी गेल्यावर साबणाने तीनदा हात धुतले तरी भाकरीला तो वास येतोच. उत्तमची बायको अमिता तर त्याच्या अंथरुणालाही तो वास येतो म्हणते आणि कूस बदलते. त्या वासाचं त्याने आजवर काही वाटून घेतलं नव्हतं. आज मात्र चिंचेच्या आंबट चुऱ्याचा वास, पाडलेल्या फांद्या तोडणाऱ्या कटर मशीनच्या पेट्रोलचा धूर, आणि जिभेच्या मुळाशी बसलेली ती लाळ यांचा मिळून असा काही काला झाला होता की श्वास घेणंही नकोसं झालं. वर धनपाल गाणं गुणगुणत फांदीवर कुऱ्हाड चालवत होता, निर्धास्त, पाय असे फाकवून जसा काही आपल्या ओसरीवर बसला आहे. त्याचा तो निर्धास्तपणा बघवेना. हा माणूस कशाच्या जोरावर तिथे बसला आहे? माझ्या हातांच्या. आणि माझा हात कुठे गेला होता मघाशी?

हात तोंडाकडे गेला होता. विचारून गेला नव्हता. इंदू, तिचं दोन खोल्यांचं घर, तिची पोरं, यातलं काही त्या हाताच्या वाटेत आलं नाही. हाताला बहीण नसते. हाताला आपलं तोंड असतं, आपला डोळा असतो, डोळ्यात गेलेलं चिलट असतं. मधमाशी चावली तर हात जाईल, शिंक आली तर जाईल. इतकी साधी गोष्ट इतक्या पिढ्यांतल्या एकाही शहाण्याला कळू नये? की कळली होती आणि सगळ्यांनी ती आपापल्या घशाखाली उतरवली होती? उत्तमने दोर एक वेढा आणखी आवळला. आवळताना त्याच्या मनात दुसरी गोष्ट वर आली, पहिलीहून घाण. जावई हातभर खाली आला, लोंबकळला, त्याचे डोळे क्षणभर पांढरे झाले, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. धनपाल पडावा असं त्याला वाटलं नव्हतं, कधीच वाटलं नव्हतं. पण ते पांढरे डोळे बघून कुठेतरी बरं वाटलं होतं, हे त्याला आता नाकारता येईना. त्याने थुंकायला तोंड वळवलं, तर तोंड कोरडं पडलेलं.

जेवणाची सुट्टी झाली. धनपाल सरसर उतरला, कमरेचा दोर सोडला आणि थेट उत्तमजवळ आला. गळ्यातल्या दुपट्ट्याने त्याने उत्तमची हनुवटी पुसली, लेकराची पुसावी तशी.

"माह्या खर्रा उडाला ना तुमच्यावर? हवा आली बा एकदम. राग नका मानू."

"नाही जवाई, राग कायचा."

दुपट्ट्यालाही तोच वास. इंदूचा डबा दोघांत एक असे. सौंसरहून निघताना धनपाल तो मोटारसायकलला अडकवून आणायचा. वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा. धनपालने खर्र्याचा चोथा बोटाने गालातून काढून बाजूला फेकला, तेच बोट पॅन्टला पुसलं आणि भाजीत घातलं. चांगला तुकडा भाकरीवर घेऊन उत्तमपुढे धरला. "घ्या ना साळेबुवा. इंदूनं तुमच्यासाठीच तेल जास्त टाकलं." माणूस वाईट नव्हता. दारू पीत नव्हता, इंदूवर हात टाकत नव्हता, पोरांच्या शाळेची फी वेळेवर भरत होता. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याचा भाबडा, गलिच्छ, बोटाला तेल माखलेला भरवसा उत्तमच्या तोंडासमोर धरलेला होता आणि उत्तमला तो घास घेता येईना. पोट बिघडलं म्हणून त्याने सांगितलं आणि तो उठून पिकअपकडे गेला.

पिकअपच्या मागे गोणपाट पडलं होतं. त्यात हेल्मेटं आणि कमरेचे पट्टे होते, रुंद, जाड, मोठ्या कड्यांचे, झाडाच्या बुंध्याभोवती फिरवून अडकवायचे. यंदापासून ते लागत होते. रोज सकाळी पुंडलिकराव सगळ्यांना ते घालून झाडापुढे उभं करायचे, मोबाइलवर फोटो काढून साहेबाला पाठवायचे, आणि मग "द्या रे परत, घामानं खराब होते" म्हणून गोळा करायचे. पहिल्या दिवशी पट्टा हातात घेऊन धनपाल म्हणाला होता, "ज्याले साळा नाही त्यानं बांधावा हा. मी काय पोरका हाय?" त्या वेळी उत्तमची छाती फुगली होती. पट्टा बांधणं म्हणजे साळ्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. कोणता जावई असं करील? तिगावकडे मागच्या हिवाळ्यात एक जण असाच साळ्याच्या भरवशावर चढला होता. बांधावरचा कडुलिंब होता. कापलेली फांदी पडता पडता दोरावर पडली, वरचा खाली आला आणि कमरेला वेढे असलेला खालचा फरफटत जाऊन बुंध्यावर आपटला. दोघंही जागीच गेले. ज्या बाईचा एक नवरा होता आणि एक भाऊ, तिच्या दारात एका दिवशी दोन तिरड्या बांधल्या. उत्तम आणि इंदू भेटायला गेले होते. तिथे माणसं काय बोलत होती? साळ्यानं शेवटपर्यंत सोडला नाही हो दोर. किती कौतुकाने बोलत होती! ती बाई भिंतीला टेकून बसली होती आणि येणारा प्रत्येक जण तिला तेच सांगत होता, तिला बरं वाटावं म्हणून. इंदूनेही परतताना बसमध्ये उत्तमच्या दंडाला धरून तेच म्हटलं होतं. आज त्या कौतुकाचीही त्याला घाण वाटली.

त्याने गोणपाटातून एक पट्टा काढला आणि धनपालपुढे आणून टाकला.

"जवाई, आता चढतानी हा बांधा."

धनपाल नवा खर्रा मळत होता. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, उत्तमकडे पाहिलं. "कायले?"

"सकाळी कुऱ्हाड रोशनच्या डोक्यात बसली असती. तुमी पडले असते."

"पडलो काय मंग? तुमी हाय ना."

"तिगावच्याले बी होता ना साळा."

पुंडलिकराव पाण्याची बाटली तोंडाला लावत म्हणाले, "उत्तम, टाइम खोटी नको करू बे. पट्टा बांधून काम अर्धं होते. तुह्या हातात दोर असल्यावर मले काय चिंता?"

कुलदीपने मान हलवली, रोशनही हलवणार होता, पण जमिनीत रुतलेल्या कुऱ्हाडीची जागा बघून त्याने मान आवरली. धनपालने खर्रा तोंडात टाकला आणि उठला. त्याच्या मते विषय संपला होता. तो दोर कमरेला बांधू लागला, गुणगुणत, आणि खालचं टोक त्याने नेहमीसारखं उत्तमच्या पायाशी फेकलं. उत्तमने ते उचललं नाही.

"मी धरत नाही."

धनपालचं गुणगुणणं थांबलं. एवढा वेळ न उतरलेला त्याचा चेहरा आता उतरला, आणि आधी त्यात राग नव्हताच, नुसतं गोंधळलेपण होतं. हातातला घास कुणी काढून घ्यावा तसा तो बघत राहिला. मग त्याने मोबाइल काढला, इंदूला लावला आणि स्पीकर चालू केला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"इंदू, तुह्या भाऊ दोर धरत नाही म्हणते."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "दादा? काय झालं रे? तब्येत बरी नाही काय?"

हो म्हणता आलं असतं. आजचा दिवस निघून गेला असता. आणि उद्या सकाळी हीच चिंच, हाच दोर, हीच कंबर. उत्तमने मोबाइलकडे पाहिलं. त्याच्या काचेवर तेलाची बोटं उठली होती.

"बरी हाय. त्याईले पट्टा बांधाले सांग."

"पट्टा कायचा? तू असून? धर ना दादा. दुसऱ्या कोनाच्या हाती मी त्याईले सोपवत नाही, तुले तं माहीत हाय."

"मी सकाळी दोर सोडला होता, इंदू."

"सटकला असन."

"सटकला नाही. सोडला."

आता हिला काय सांगायचं? तोंडात थुंकी पडली म्हणून? ती हसली असती, इथे सगळे पुन्हा हसले असते, धनपालने पुन्हा दुपट्टा काढून त्याचं तोंड पुसलं असतं आणि आपण खर्रा सोडतो म्हणून पोरांची शपथ घेतली असती. थुंकीची माफी होते. माफी झाली की दोर पुन्हा कमरेला. ज्याची माफी होणार नाही असं काहीतरी सांगायला हवं होतं, आणि ते शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. ते जिभेवर सकाळपासून होतंच.

"मले त्याईची किळस येते," तो म्हणाला. "त्याईच्या तोंडाची, हाताची, वासाची. हा दोर हाती घेतला की किळस येते. म्हणून सोडला. आन् उद्या बी सोडीन."

कुणी हसलं नाही. रस्त्यावरून छिंदवाड्याची बस गेली आणि तिचा धुरळा सगळ्यांच्या अंगावर बसला. धनपालच्या हातातला मोबाइल जरासा खाली आला. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं, खर्र्याने रंगलेले दात दिसत होते, आणि उत्तमला वाटलं, आपण खोटं बोललो असतो तर किती बरं झालं असतं. पण यातला एक शब्द खोटा नव्हता. खरा होता म्हणूनच तो तोंडातून असा सहज निघाला होता, आणि आता तो चिंचेखाली सगळ्यांच्या मध्ये पडला होता. कुलदीप त्याच्यापासून एक पाऊल सरकला.

मग इंदू बोलली. आवाज तिचाच होता, पण उत्तमने तो कधी ऐकलेला नव्हता.

"ऐकून राहिले ना तुमी?" हे ती नवऱ्याला म्हणत होती. "तो पट्टा बांधा. आत्ता बांधा. आजपासून त्याच्या हाती दोर द्याचा नाही."

"अवं पन..."

"नाही म्हटलं ना! आन् त्याले सांगा, आमच्या घरी येऊ नको म्हणा. पोरांले भेटू नको म्हणा."

"इंदू," उत्तम म्हणाला. ती ऐकत होती, श्वास ऐकू येत होता. पण तिने फोन ठेवला.

धनपालने पट्टा उचलला. कडी कोणत्या बाजूने घालायची, कोणती आधी ओढायची, पुंडलिकरावांनाही माहीत नव्हतं. फोटोपुरता नुसता कमरेवर धरायचा असे. उत्तमने रोज गोणपाट भरताना ते उलटसुलट करून पाहिलं होतं. तो मदतीला पुढे झाला, तर धनपाल असा मागे सरला जसा उत्तमच्या हाताला काही लागलं आहे. शेवटी रोशनने खटपट करून कड्या बसवल्या, ओढून पाहिल्या. हेल्मेट धनपालने स्वतःच मागितलं. पुंडलिकराव वेळ जातो म्हणून चरफडत होते, पण सौंसरहून आलेल्या त्या आवाजापुढे त्यांचीही काही बोलायची टाप नव्हती. धनपाल पट्टा बुंध्याभोवती फिरवत, थांबत, चाचपडत वर गेला. मघासारखा सरसर नाही. वर पोचल्यावर त्याने भीत भीत अंग मागे टाकलं. पट्ट्याने ते पेललं. त्याने एक हात सोडला, मग दुसरा, आणि दोन्ही हात मोकळे घेऊन तो हवेत टेकून बसून राहिला. खाली त्याने एकदाही पाहिलं नाही.

उत्तमला तहान लागली होती, भूक लागली होती, आणि अंगाला काहीतरी कमी आहे असं सारखं वाटत होतं. कमरेला वेढा नव्हता. हात कुठे ठेवायचे ते कळेना. त्याने ते मागे बांधले, मग पुढे बांधले. धनपाल जिवंत राहील. उद्याही, परवाही. आपण शिंकलो, झोपलो, मेलो तरी राहील. हे त्याला हवं होतं आणि हे त्याने मिळवलं होतं, आणि मिळवल्यावर त्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. राखी पौर्णिमेला सौंसरची बस पकडायची नाही, एवढं मात्र त्याच्या मनात स्पष्ट होतं. सवयीने तो दोर धरायच्या जागीच उभा होता, मान मागे टाकून.

"ओ!" वरून आवाज आला. धनपाल खाली बघत होता, पण कुणाकडे बघतो आहे ते हेल्मेटमुळे नीट दिसेना. "कुलदीप, रोशन, मागं व्हा. आन् ते खाली कोन उभे हाय, त्याईले बी सरकवा. फांदी येऊन राहिली."

उत्तम सरकला. फांदी तो उभा होता तिथेच येऊन आदळली. धुरळा बसल्यावर तो पुढे झाला, तिचा बुडखा दोन्ही हातांनी धरला आणि ती रस्त्याच्या कडेला ओढत नेऊ लागला.